मृतांची हाक आणि ख्रिस्ती धर्म



तिन्हीसांजेला चिंचेखालून जाताना पाय आपोआप भरभर पडतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. घरातले कोणी अकाली गेले, की कुजबुज सुरू होते. देवऋषीला विचारा, त्याची काही इच्छा राहिली आहे का पाहा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की चांगले शिकलेसवरलेले लोकसुद्धा गेलेल्याला उद्देशून बोलू लागतात, "पोरांची काळजी करू नको, आम्ही आहोत." हे सारे आपल्याकडेच चालते असे मात्र समजू नका. ख्रिस्ती समाजालाही या प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे. त्यांच्या धर्मग्रंथाने तर मेलेल्यांशी बोलायला सरळ मनाई केली आहे. मनाई असूनही माणसे हाका मारायची का थांबली नाहीत, ते आज पाहू.

ही मनाई बायबलच्या जुन्या करारातली. भूतवैद्याकडे जाऊ नये, मृतांना प्रश्न विचारू नये, असे तिथे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आणि गंमत अशी, की त्याच जुन्या करारात एका राजाने ही आज्ञा मोडल्याची हकीकत आहे. शौल राजाने स्वतःच देशातून सगळे भूतवैद्य हाकलून दिले होते. पुढे पलिष्ट्यांची फौज समोर येऊन ठाकली, राजा घाबरला, देव काही उत्तर देईना. तेव्हा हा राजा वेष पालटून, दोन माणसे बरोबर घेऊन, रात्री एन-दोर गावच्या एका बाईकडे गेला. तिने मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आणले. शमुवेल काय म्हणाला? "उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याजवळ असाल." राजा धाडकन जमिनीवर पडला. दिवसरात्र त्याच्या पोटात अन्न नव्हते. मग त्याच बाईने घरचे पोसलेले वासरू कापले, कणीक मळून भाकरी भाजल्या आणि त्याला खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर राजा आणि त्याचे तीन मुलगे मेले. ज्या बाईच्या धंद्यावर त्याने बंदी घातली, तिच्याच हातचे त्याचे शेवटचे जेवण. मला ही हकीकत वाचताना त्या बाईविषयी आदरच वाटतो.

पण तो खरेच शमुवेल होता काय? यावर पुढे ख्रिस्ती पंडितांचे एकमत झाले नाही. ओरिजेन म्हणाला, खरोखरच शमुवेल. तर्तुलियन म्हणाला, छे, सैतानाचे सोंग. ऑगस्टीनसारखा मोठा माणूसही या बाबतीत ठाम बोलला नाही.

सामान्य माणसाला या वादाशी काय कर्तव्य? त्याला आपल्या गेलेल्या माणसासाठी काहीतरी करायचे असते. ती सोय हळूहळू झाली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी आपल्याच मठातल्या जस्टस नावाच्या साधूची गोष्ट लिहून ठेवली आहे. मठाचा नियम मोडून त्याने तीन सोन्याची नाणी लपवली होती. मेल्यावर त्याला नाण्यांसकट उकिरड्यात पुरले. पुढे ग्रेगरींनाच दया आली आणि त्यांनी तीस दिवस त्याच्यासाठी मिस्सा करायला लावला. तेव्हा तो भावाला दिसला आणि म्हणाला, आता माझे बरे आहे. अशा गोष्टींतून शुद्धिस्थानाची, म्हणजे पापे जळून जाईपर्यंत आत्म्याने थांबायच्या जागेची, कल्पना पक्की होत गेली. मेलेला दिसला तर त्याला बोलवायचे नाही, चौकशाही करायच्या नाहीत. प्रार्थना करायची, दानधर्म करायचा. हजार सालाच्या सुमारास क्लूनीच्या मठातून दोन नोव्हेंबर हा मृतांचा दिवस पाळण्याची चाल पसरली. आपल्या वसईत आणि गोव्यात त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लागतात, त्या त्याच चालीच्या.

पुढे यात पैसा शिरला. आत्म्याच्या सुटकेसाठी क्षमापत्रे विकली जाऊ लागली. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे प्रॉटेस्टंट मंडळींनी शुद्धिस्थानच मोडीत काढले. माणूस मेला की स्वर्ग नाहीतर नरक, मधली जागा नाही. १५५२ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातून मृतांसाठीची प्रार्थनाही गेली. मग लोकांना दिसतात ती भुते कोण? झुरिकचे पाद्री लुडविग लाव्हाटर यांनी १५६९ साली यावर एक पुस्तकच लिहिले. ते म्हणतात, बरीच भुते म्हणजे भित्र्याचा भास, अधू नजर, मांजरांची पळापळ किंवा कोणाची तरी लबाडी. उरली ती देवदूत किंवा, बहुतेक वेळा, सैतान. तुमचा बाप मात्र नव्हे!

आपल्या नाट्यवेड्यांना हा पेच ओळखीचा आहे, बरं का. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि गणपतराव जोश्यांनी त्यातला चंद्रसेन गाजवला. मूळ नाटकात बापाचे भूत जुन्या श्रद्धेची भाषा बोलते; आपण आगीत कोंडलेलो आहोत म्हणते. मुलगा मात्र ल्यूथरच्या विटेनबर्गचा विद्यार्थी! त्याला शंका येते, हा सैतान तर नसेल? दोन्ही श्रद्धा एकाच घरात समोरासमोर उभ्या आहेत.

भोळेपणा गेला हे चांगलेच झाले. पण ज्याचे मूल गेले, त्या बाईने काय करायचे? तिला करण्यासारखे काहीच उरले नाही. माझ्या मते पुढचा सारा इतिहास या रिकाम्या जागेत घडला.

३१ मार्च १८४८. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले हाइड्सव्हिल हे खेडे. फॉक्स नावाच्या मेथडिस्ट कुटुंबात मार्गारेट आणि केट या दोन लहान मुली. रात्री टकटक ऐकू येई. मुलींनी चुटक्या वाजवल्या, तर तितक्याच टकटकी परत आल्या. आईने विचारले, माझ्या मुलांची वये सांग. ती टकटकींनी बरोबर सांगितली गेली. झाले! शेजारी जमले, वर्तमानपत्रे धावली आणि थोड्याच वर्षांत हजारो घरांत दिवा मालवून टेबलाभोवती माणसे बसू लागली. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, मार्गारेटने न्यूयॉर्कच्या भरल्या नाट्यगृहात पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून दाखवला आणि सांगितले की हेच ते भूत. वर्षभराने तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. दोघी बहिणी दारिद्र्यात मेल्या. टेबलाभोवतीची माणसे काही उठली नाहीत. त्याच लाटेतले प्लँचेट पुढे आपल्या पांढरपेशा घरांतूनही फिरले.

मग पहिले महायुद्ध आले. ब्रिटनचे सात लाखांवर जवान मेले. प्रेते मायदेशी आणायची नाहीत असे सरकारने ठरवले. म्हणजे कबरही डोळ्यांसमोर नाही. सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड सप्टेंबर १९१५ मध्ये बेल्जियममध्ये पडला. हे लॉज कोण? तुम्ही रेडिओचा खुंटा पिळून हवे ते केंद्र लावता ना, त्या युक्तीच्या आद्य जनकांपैकी एक. तारेवाचून संदेश येतो, मग देहावाचून का येऊ नये, असे त्यांच्या चाहत्यांना वाटले तर नवल नाही. १९१६ साली त्यांनी 'रेमंड' हे पुस्तक छापले. मुलाच्या एका सामूहिक छायाचित्राचे वर्णन, ते घरी येण्याआधीच, माध्यम बाईने केल्याचे त्यात आहे. परलोकात विड्या आणि दारूही मिळते असे त्यात आल्यामुळे टिंगलही खूप झाली. पुत्रशोकाने म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे लोक म्हणत. ते खरे नाही. या विषयाचा नाद त्यांना कित्येक वर्षे आधीपासून होता.

चर्चने काय केले? रोमने एप्रिल १९१७ मध्ये अशा बैठकींना जाणे, नुसते पाहायला जाणेही, कॅथलिकांना साफ मना केले. त्यांना ते जमण्यासारखे होते, कारण दोन नोव्हेंबरच्या मेणबत्त्या त्यांच्याकडे होत्याच. इंग्लंडच्या चर्चला नुसते "नको" म्हणून भागेना. युद्धाच्या काळातच तिथे मृतांसाठीची प्रार्थना, साडेतीनशे वर्षांनी, उपासनेत परत येऊ लागली. पुढे आर्चबिशप लँग यांनी या प्रकाराच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९३९ मध्ये आला. धोके पुष्कळ आहेत, पण काही संदेश खरोखर मृतांकडून येत असावेत, असे तिच्यातल्या बहुसंख्यांचे मत पडले. बिशपांनी तो अहवाल दडवून ठेवला. अधिकृतपणे तो छापला गेला १९७९ साली. पहिल्या महायुद्धात ज्यांचे मुलगे गेले होते, त्या आयांपैकी तो वाचायला तेव्हा जवळजवळ कोणीच उरले नव्हते.