व्हाउचर हातात, घर कुठाय?

११ ऑगस्ट २०१०. अमेरिकेतल्या अटलांटा शहराला लागून असलेलं ईस्ट पॉइंट. रणरणतं ऊन, एका शॉपिंग सेंटरचं पार्किंग आणि तिथे लोटलेली सुमारे ३० हजार माणसं. कडेवर पोरं घेऊन आलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे. ऊन आणि रेटारेटीमुळे त्या दिवशी ६२ जणांवर उपचार करावे लागले.

एवढी गर्दी कशासाठी? घर मिळणार होतं म्हणून? नाही. घरभाड्याला सरकारी मदत मिळणार होती म्हणून? तेही नाही. त्या मदतीच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचे अर्ज वाटले जाणार होते, म्हणून.

त्या मदतीला अमेरिकेत सगळे 'सेक्शन ८' म्हणतात. हिशोब साधा आहे. घर तुम्ही शोधायचं, खासगी घरमालकाचं. उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं तुम्ही द्यायचं, उरलेलं एका ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार थेट घरमालकाला देणार. महिन्याला १,५०० डॉलर कमावणाऱ्या कुटुंबाने १,२०० डॉलर भाड्याचं घर घेतलं, तर ढोबळमानाने ४५० त्यांचे, ७५० सरकारचे.

हे सुचायला अमेरिकेला बराच काळ लागला. १९३७च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी पैशातून गरिबांसाठी इमारती उभ्या राहू लागल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली वसाहत म्हणजे सेंट लुइसमधली 'प्रुइट-आयगो'. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, वास्तुविशारद मिनोरू यामासाकी, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभे केले. पण देखभालीचा खर्च भाड्यातून काढायचा, असा नियम होता. नोकऱ्या आणि माणसं शहराबाहेर जाऊ लागली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं. लिफ्ट बंद, पाइप फुटलेले आणि राहिलेल्यांचं भाडं मात्र वाढतंय. १९६९ मध्ये शहरातल्या सरकारी वसाहतींमधल्या भाडेकरूंनी नऊ महिने भाडंच भरलं नाही. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधलं गेलं; १९८१ मध्ये ते ३० टक्के झालं. १९७२ मध्ये प्रुइट-आयगोची पहिली इमारत सुरुंग लावून पाडली आणि ते दृश्य देशभर पोहोचलं.

जानेवारी १९७३ मध्ये निक्सन यांनी नव्या अनुदानित घरांना स्थगिती दिली. 'इमारती बांधण्यापेक्षा माणसांना भाड्याचे पैसे द्या' या विचाराला जोर आला. बारा ठिकाणी तसे प्रयोगही झाले. २२ ऑगस्ट १९७४ रोजी, निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, जेराल्ड फोर्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली. १९३७च्या कायद्यात नवं आठवं कलम आलं, आणि हेच ते सेक्शन ८. १९९८च्या कायद्यानंतर त्याला आजचं नाव मिळालं, 'हाउसिंग चॉइस व्हाउचर'. चॉइस म्हणजे निवड.

निवडीने किती फरक पडतो, हे शिकागोने दाखवलं. तिथे सरकारी घरं जवळपास सगळी कृष्णवर्णीय वस्त्यांतच बांधली जात. त्याविरुद्ध १९६६ मध्ये डोरोथी गोत्रो आणि इतर भाडेकरू कोर्टात गेले. गोत्रो १९६८ मध्ये वारल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७६ मध्ये भाडेकरूंच्या बाजूने लागला. पुढच्या दोन दशकांत सात हजारांहून जास्त कुटुंबं भाड्याची मदत घेऊन शहराच्या इतर भागांत आणि उपनगरांत राहायला गेली.

मग १९९४ पासून पाच शहरांत मोठा प्रयोग झाला. सुमारे ४,६०० कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. काहींना व्हाउचर मिळालं, पण अट अशी की गरिबी कमी असलेल्या वस्तीतच घर घ्यायचं. सुरुवातीचे निष्कर्ष निराशाजनक होते, मोठ्यांची कमाई वाढली नाही. पण २०१५ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या मुलांची कमाई तपासली. घर बदललं तेव्हा जी मुलं तेरा वर्षांच्या आत होती, ती पंचविशीत इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. त्याहून मोठ्या मुलांना तसा फायदा दिसला नाही.

म्हणजे व्हाउचर काम करतं, पण वेळेवर मिळालं तर.

आणि घोडं इथेच अडतं. अमेरिकेत धान्याची मदत, म्हणजे फूड स्टॅम्प, हा हक्क आहे. निकषात बसलात की मिळते. घरभाड्याच्या मदतीला तो दर्जा कधीच मिळाला नाही. संसद दरवर्षी जेवढे पैसे मंजूर करेल, तेवढीच व्हाउचरं. आज सुमारे २३ लाख कुटुंबं ती वापरतात. सगळ्या केंद्रीय योजना मिळूनही भाड्याची मदत चार पात्र कुटुंबांपैकी साधारण एकालाच मिळते. बाकीचे यादीत, अनेक शहरांत वर्षानुवर्षं.

नंबर लागला, तरी घड्याळ सुरूच. घर शोधायला मुदत मिळते, किमान ६० दिवसांची. त्यात घराची तपासणी, कागदपत्रं आणि घरमालकाची मर्जी. २०१८ मध्ये अर्बन इन्स्टिट्यूटने घरमालकांना फोन करून पाहिलं. फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के आणि लॉस एंजेलिसमध्ये ७६ टक्के मालकांनी व्हाउचर नाकारलं. वॉशिंग्टनमध्ये मात्र फक्त १५ टक्क्यांनी. तिथे व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारणं बेकायदा आहे. अनेक राज्यांत असा कायदाच नाही. मुदत संपली की व्हाउचर परत, आणि पुन्हा यादी.

ईस्ट पॉइंटच्या त्या गर्दीत आईच्या कडेवर असलेलं तीन वर्षांचं मूल २०२० मध्ये तेरा वर्षांचं झालं. चेट्टींचा हिशोब त्याच्यासाठी तिथेच संपला. यादीत नाव पुढे सरकत राहतं; वय मात्र यादीसाठी थांबत नाही.