'चॉप'चे अर्थ
१७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांचा चीनशी चालणारा बहुतेक सागरी व्यापार कँटन बंदरातूनच होई. मोडकेतोडके इंग्रजी शिकणाऱ्या तेथील दलालांना 'चॉप' या शब्दाने चांगलेच चकविले असावे. कोशात त्याचा अर्थ तोडणे, किंवा मांसाचा तुकडा; धक्क्यावर मात्र शिक्का, परवाना, एकाच खुणेच्या चहापेट्यांचा गट. 'फर्स्ट चॉप' म्हणजे अव्वल माल. जकातीच्या मुख्याधिकाऱ्याचा 'ग्रँड चॉप' हाती पडेपर्यंत भरलेल्या जहाजाला नांगर उचलता येत नसे. सबंध हंगामाची कमाई त्या कागदावर अडून राही. आणि 'चॉप-चॉप' म्हणजे लवकर! हा कँटनी बोलीतून आलेला, निराळ्याच कुळाचा. शिक्क्याचा चॉप मात्र युरोपीय व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातून तिकडे नेला. तो आपला 'छाप'च.