पोग्ज आणि लंडनचे फोक पंक

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, ग्रेज इन रोडवर, ‘पिंडर ऑफ वेकफील्ड’ नावाचा पब होता. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथे ‘पोग महोन’ हा नवा बँड पहिल्यांदा लोकांसमोर वाजला. पुढे ‘द पोग्ज’ या नावाने तो जगभर गेला. आयरिश लोकगीते आणि पंक रॉक यांच्या मेळातून जे ‘फोक पंक’ उभे राहिले, त्याचा हा एक मुख्य उगम. त्याच सुमारास अमेरिकेत मिलवॉकी शहरातला ‘व्हायोलंट फेम्स’ हा बँड वेगळ्या वाटेने फोक पंककडे येत होता. पोग्जची वाट मात्र लंडनच्या आयरिश वस्तीतून गेली.

या पबचा लोकसंगीताशी संबंध जुना होता. १९६०च्या दशकात लोकगायक इवान मकॉल आणि पेगी सीगर यांचा ‘सिंगर्स क्लब’ इथे भरत असे. डिसेंबर १९६२मध्ये लंडनला आलेला तरुण बॉब डिलन इथेच गायला होता. मकॉल शिस्तीचा माणूस. ज्याने त्याने आपल्याच मातीतले, आपल्याच बोलीतले गाणे म्हणावे, असा क्लबचा दंडक होता. वीस वर्षांनी त्याच पबात वाजलेल्या बँडला हा दंडक लावायचा म्हटले, तर मोठीच पंचाईत झाली असती. टिन व्हिसल वाजवणारा स्पायडर स्टेसी, बँजोवाला जेम फायनर आणि अ‍ॅकॉर्डियनवाला जेम्स फर्नली हे तिघेही इंग्रज, आणि गायक शेन मगोवन जन्माने इंग्लंडचा, रक्ताने आयर्लंडचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश माणसे कामासाठी इंग्लंडला आली. पुरुष रस्ते खणायला आणि इमारती बांधायला, बायका बहुतेक रुग्णालयांत. कॅम्डन टाउन, किलबर्न, क्रिकलवुड या भागांत त्यांची वस्ती दाटली. शनिवारी रात्री क्रिकलवुडच्या ‘गॅल्टिमोर’ नृत्यगृहात गर्दी, आणि पबांत फिडल, बासरी घेऊन बसलेले वादक. हॉलोवे भागातल्या ‘द फेव्हरिट’ पबमध्ये मुख्यतः ध्वनिमुद्रित झालेली ‘पॅडी इन द स्मोक’ ही १९६८ची तबकडी त्या मैफलींची साक्ष आहे. १९७४मध्ये बर्मिंगहॅमच्या पबांत बाँबस्फोट होऊन २१ माणसे मेली आणि लगोलग दहशतवादविरोधी कायदा आला. त्यानंतर आयरिश धाटणीचे इंग्रजी चारचौघांत बोलणेही अवघड झाले. वडीलधाऱ्यांनी मान खाली घालून दिवस काढले. त्यांच्या मुलांना ते जमणारे नव्हते, आणि पंक नेमके त्याच सुमारास अवतरले. ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा जॉनी रॉटनही उत्तर लंडनच्या आयरिश घरातलाच.

मगोवन २५ डिसेंबर १९५७चा, केंटमध्ये जन्मलेला. लहानपणीचा बराच काळ त्याने आयर्लंडमधल्या टिपेररीत आजोळच्या घरी काढला आणि जुनी गाणी तिथेच त्याच्या कानावर पडली. वेस्टमिन्स्टर या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळाली, पण अमली पदार्थांपायी शाळेने त्याला काढून टाकले. १९७६मध्ये ‘द क्लॅश’ या पंक बँडच्या एका कार्यक्रमात कानावरून रक्त ओघळत असलेले त्याचे छायाचित्र संगीत साप्ताहिकात झळकले आणि लंडनच्या पंक मंडळींत तो ओळखीचा झाला. ‘निप्स’ हा त्याचा पहिला बँड बेताचाच चालला. १९८१मध्ये सोहोतल्या एका क्लबात त्याने आणि स्टेसीने आयरिश बंडाची गाणी पंकच्या आवेशात म्हणून पाहिली. पोग्जचे बीज ते.

बँडचा नाद कसा घडला, हे वाद्यांकडे पाहिले की कळते. रॉकचा कणा म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, तिला इथे सुरुवातीला मानाची जागा नव्हती. फर्नली मुळात गिटारवादक, त्याच्या गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवले गेले. स्टेसीला कोणतेच वाद्य धड येत नव्हते, म्हणून स्वस्तातली पत्र्याची बासरी त्याच्या हाती आली. बेसवर केट ओ’रिओर्डन, वय जेमतेम सतरा. १९८३मध्ये आलेला अँड्र्यू रँकन दोनच ड्रम घेऊन उभ्याने वाजवी. ‘वॅक्सीज डार्गल’ या डब्लिनच्या जुन्या गाण्यात स्टेसी पबमधला ग्लास ठेवायचा पत्र्याचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ठेका धरत असे. लोक हसत, पण ठेका चुकत नसे. पोल्काचा ठेका दोनाचा आणि पंकचाही, त्यामुळे वेग वाढवला की दोन्ही एकमेकांत सहज मिसळत. मगोवनची स्वतःची गाणी या ठेक्यावर लंडनविषयीच बोलत. स्थलांतरिताची जुनी हुरहुर होतीच, पण ती कॅम्डनच्या फुटपाथवर आणून ठेवलेली.

‘पोग महोन’ हे आयरिश भाषेतल्या ‘माझ्या ढुंगणाचा मुका घे’ या शिवीचे रूप. बीबीसीच्या स्कॉटलंड रेडिओवर गेलिक जाणणाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा नाव तोडून ‘द पोग्ज’ झाले. १९८४मध्ये त्यांनी स्वखर्चाने ‘डार्क स्ट्रीट्स ऑफ लंडन’ काढले, क्लॅशच्या दौऱ्यात आधी वाजण्याची संधी मिळाली आणि ‘स्टिफ’ या रेकॉर्ड कंपनीने करार केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘रेड रोझेस फॉर मी’ हा पहिला अल्बम आला. पुढच्या वर्षीच्या ‘रम, सॉडमी अँड द लॅश’ची निर्मिती गायक एल्व्हिस कॉस्टेलोने केली. त्यात मकॉलचे ‘डर्टी ओल्ड टाउन’ होते. हे गाणे सॅलफर्ड या इंग्लिश गिरणगावाचे, पण आधी ‘द डब्लिनर्स’ या आयरिश लोकसंगीताच्या बँडने आणि मग पोग्जनी ते असे गायले की अनेकांना ते आयरिशच वाटते.

आयर्लंडमध्ये सगळ्यांना हे रुचले नाही. दारूच्या नशेत झिंगणारा आयरिश माणूस ही इंग्रजांची जुनी टवाळी, आणि लंडनची ही पोरे तीच रंगवतात, असा आक्षेप होता. तो अगदी निराधार नव्हता. कॉन्सर्टिनावादक नोएल हिलने आयरिश रेडिओवरच्या चर्चेत त्यांच्यावर तोंडसुख घेतले. बँडने १९८६च्या ‘पोगेट्री इन मोशन’ या तबकडीत एका धुनीला ‘प्लँक्स्टी नोएल हिल’ असे नाव देऊन त्याची परतफेड केली. याउलट डब्लिनर्ससारख्या बुजुर्गांनी १९८७मध्ये पोग्जबरोबर ‘द आयरिश रोव्हर’ गायले आणि ते ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत चढले.

त्याच वर्षअखेरीस ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ आले. फायनर आणि मगोवन यांनी जवळजवळ दोन वर्षे त्यावर काम केले होते. नाताळच्या आदल्या रात्री भांडणाऱ्या एका आयरिश जोडप्याची ही गोष्ट. स्त्रीचा आवाज आधी ओ’रिओर्डनचा होता, पण ती बँड सोडून गेली. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटने आपल्या पत्नीकडून, कर्स्टी मकॉलकडून, नुसता नमुना म्हणून आवाज भरून घेतला आणि मग तीच कायम झाली. कर्स्टी ही इवान मकॉलची मुलगी. आयर्लंडमध्ये गाणे पहिले, ब्रिटनमध्ये दुसरे आले.

जानेवारी १९८८मधल्या अल्बमात मात्र ‘स्ट्रीट्स ऑफ सॉरो/बर्मिंगहॅम सिक्स’ होते. बर्मिंगहॅमच्या स्फोटांच्या आरोपाखाली १९७४पासून तुरुंगात असलेले सहा जण निर्दोष आहेत, असे ते उघड सांगत होते. ब्रिटनच्या प्रसारण प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. मार्च १९९१मध्ये न्यायालयाने त्या सहा जणांची शिक्षा रद्द केली.

यानंतरची कथा उताराची. दारूने मगोवन बेभरवशाचा झाला. १९९१मध्ये जपानच्या दौऱ्यात बँडने त्याला काढले आणि काही काळ क्लॅशचा जो स्ट्रमर त्याच्या जागी गायला. १९९६मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या क्विन्सी गावात पोग्जच्याच वाटेने जाणारा ‘ड्रॉपकिक मर्फीज’ हा बँड निघाला. लॉस एंजेलिसचा ‘फ्लॉगिंग मॉली’ याच घराण्यातला. मर्फीजच्या ‘गुड रॅट्स’ गाण्यात मगोवन स्वतः पाहुणा म्हणून गायला. जुने पोग्ज २००१मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१४पर्यंत वाजत राहिले, पण नवा अल्बम त्यांनी काढला नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मगोवन वारला. ८ डिसेंबरला टिपेररीतल्या निनाच्या चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ‘फेअरीटेल’ वाजवले गेले, तेव्हा घरची माणसे शवपेटीसमोरच नाचली.