पेन्शनीतली चौतीस वर्षे

१/
पुण्याला एके काळी ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणत. या नावात कौतुकापेक्षा थट्टा अधिक होती. सकाळी पर्वतीची फेरी, दुपारी वर्तमानपत्र आणि वामकुक्षी, संध्याकाळी समवयस्कांत बसून जुन्या साहेबांच्या आठवणी, असे पेन्शनराचे चित्र लोकांच्या मनात ठसले होते. पण भारताच्या आणि विशेषतः मराठ्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग ज्यांनी जुन्या कागदांतून बाहेर काढला, त्यांतील काही थोर माणसे याच पेन्शनर वर्गातली होती. हा धागा त्यांच्या निवृत्तीचा.

२/
आधी तीन आकडे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ मध्ये सेवानिवृत्त झाले, १९२५ मध्ये वारले. गोविंद सखाराम सरदेसाई १९२५ मध्ये निवृत्त झाले, १९५९ मध्ये वारले. जदुनाथ सरकार १९२६ मध्ये निवृत्त झाले, १९५८ मध्ये वारले. म्हणजे निवृत्तीची अनुक्रमे ३२, ३४ आणि ३२ वर्षे. बेरीज ९८. या जवळजवळ शंभर वर्षांत काय घडले, हे पाहण्याआधी ‘निवृत्ती’ ही कल्पना आपल्याकडे आली कोठून, हे पाहावे लागते.

३/
पेशवाईत आजच्या अर्थाची निवृत्ती जवळजवळ नव्हती. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही पदे वतनी होती. वतन माणसाचे नसे, घराण्याचे असे. कुलकर्ण्याची नजर अधू झाली, हात कापू लागला, की दप्तर मुलाच्या किंवा पुतण्याच्या हाती जाई. काम सुटले तरी वतनाचे उत्पन्न घरातच राही. म्हातारपणाची तरतूद म्हणजे वतन, शेत आणि एकत्र कुटुंब. अमुक वयाला काम थांबवावे, असा नियम कोणी केलेला नव्हता.

४/
लढवय्यांची गोष्ट थोडी निराळी. रणांगणावर माणूस पडला तर त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी सरकारातून ‘बालपरवेशी’ मिळे. मोठ्या कामगिरीबद्दल इनाम मिळे. पण ही तरतूद पराक्रमाची किंवा मरणाची होती, वयाची नव्हती. वार्धक्यात काय करावे, याचे उत्तर शास्त्रात वानप्रस्थ असे होते, तर लोकव्यवहारात काशीयात्रा, नामस्मरण आणि नातवंडे असे.

५/
१८१८ नंतर चित्र बदलले. इंग्रजी अमलात पगारी नोकरांचा एक नवा वर्ग तयार झाला: मामलेदार, मुन्सफ, शिक्षक, कारकून. यांचे पद मुलाकडे जात नसे. साधारण पंचावन्नाव्या वर्षी खुर्ची सोडावी लागे आणि पुरेशी नोकरी झाली असेल तर दरमहा ठरावीक रक्कम मिळे. मराठीत ‘पेन्शनीत निघणे’ असा वाक्प्रचारच रूढ झाला. हातपाय धड असताना, डोके शाबूत असताना, काम संपलेले आणि उत्पन्न चालू असलेले आयुष्य ही मध्यमवर्गासाठी संपूर्णपणे नवी वस्तू होती.

६/
ही वस्तू हक्काची मात्र नव्हती. १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनविषयक दावे दिवाणी न्यायालयात नेण्यास मज्जाव केला होता. पुढे मुलकी सेवेच्या नियमांत पेन्शनरांचे ‘भावी सद्वर्तन’ ही गृहीत धरलेली अट होती. अर्थ स्पष्ट होता: नोकरी संपली तरी मालकाची नजर संपत नव्हती. इंग्रज सरकारचा पेन्शनर राजकारणात जपून का वावरे, याचे एक उत्तर या अटीत आहे.

७/
आता पहिला पेन्शनर. मालवणात १८३७ साली जन्मलेले भांडारकर डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ नोकरीच्या काळातला, १८८४ चा. १८९३ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. तेथून त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, प्रार्थना समाजाचे काम चालविले आणि वाचन थांबू दिले नाही. वैष्णव, शैव आणि इतर पंथांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

८/
६ जुलै १९१७ रोजी त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. १ एप्रिल १९१९ रोजी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाला त्यांच्याच हातून आरंभ झाला. ते काम पूर्ण झाले १९६६ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी. आपल्या हयातीत संपणार नाही, असे काम एक्याऐंशीव्या वर्षी हाती घेणे, ही भांडारकरांच्या निवृत्तीची खरी ओळख होय.

९/
दुसरे पेन्शनर, आणि या धाग्याचे मुख्य पात्र, सरदेसाई. जन्म १८६५, रत्नागिरी जिल्ह्यातला. पदवीनंतर १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे, पुढे राजपुत्रांना शिकविणे, महाराजांबरोबर परदेश प्रवास करणे, असे त्यांच्या नोकरीचे स्वरूप होते. ही नोकरी छत्तीस वर्षे चालली. दिवस महाराजांचा, उरलेला वेळ स्वतःचा, अशी ती विभागणी होती.

१०/
त्या उरलेल्या वेळातून ‘रियासत’ जन्मली. राजपुत्रांना इतिहास शिकविताना मराठीत सलग, विश्वसनीय इतिहास नाही, ही उणीव जाणवली आणि सरदेसाई टिपणे करू लागले. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये आली. १९०२ पासून ‘मराठी रियासत’ येऊ लागली. ‘रियासतकार’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली ती नोकरीत असतानाच. निवृत्तीची तयारी याहून वेगळी काय असते? साठाव्या वर्षी बडोदा सोडताना त्यांच्यापाशी पेन्शन होती, आणि तिच्यापेक्षा मोलाचे असे एक अपुरे काम होते.

११/
निवृत्तीनंतर ते राहिले कामशेतला. मुंबई-पुणे लोहमार्गावरचे, मावळातले हे लहान गाव. इंद्रायणीचा काठ, डोंगरांचा शेजार, पुणे आगगाडीच्या पल्ल्यात. सार्वजनिक सभा, सत्कार आणि वाद यांनी गजबजलेल्या पुण्यापासून दूर, पण पुण्यातल्या कागदांपासून फार दूर नाही. पुढची चौतीस वर्षे हेच त्यांचे ठिकाण राहिले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा एक पत्ताही.

१२/
पुण्यातले ते कागद म्हणजे पेशवे दप्तर. पेशवाई बुडाल्यावर हे सारे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते: कापडात बांधलेले मोडी कागदांचे सुमारे ३५ हजार रुमाल. इनामे आणि जमीनहक्क यांच्या चौकशीसाठी सरकार ते वापरी. इतिहाससंशोधकांना मात्र दार बहुतेक बंदच असे. मराठी राज्याचा इतिहास लिहायचा आणि त्या राज्याचे स्वतःचे कागद पाहायला मिळायचे नाहीत, अशी ही कोंडी एका पिढीहून अधिक काळ चालली.

१३/
ही कोंडी फुटली तेव्हा मुंबई सरकारने निवडक कागद छापण्याचे काम सरदेसायांकडे सोपविले. या निवडीमागे जदुनाथांच्या शब्दाचे मोठे वजन होते. पुण्यातील काही संशोधकांना ती रुचली नाही. एका माणसाने कागद निवडावेत की सगळे जसेच्या तसे छापावेत, हा वादही होताच आणि तो निरर्थक नव्हता. निवड म्हटली की वगळणे आले. पण दार उघडले होते, आणि आत जाणारा माणूस पासष्टीच्या घरात होता.

१४/
१९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मदतनिसांचा एक लहान गट, मोडीची अवघड वळणे, तारखांचा मेळ, प्रत्येक कागदाला नेमके ठिकाण देण्याची खटपट, आणि वर्षाकाठी सरासरी नऊ खंडांचा वेग. नोकरीतल्या छत्तीस वर्षांत हे काम होणे शक्यच नव्हते. त्यासाठी सबंध दिवस मोकळा हवा होता, आणि उद्याच्या जेवणाची चिंता नको होती. पेन्शनीने दोन्ही दिले.

१५/
तिसरे पेन्शनर जदुनाथ. बंगालमधल्या राजशाही जिल्ह्यात १८७० साली जन्म. औरंगजेबाचा पाच खंडांतला इतिहास त्यांनी शिक्षणखात्याच्या नोकरीत असतानाच पुरा केला. १९२६ मध्ये निवृत्ती, त्यानंतर कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरुपद दोन वर्षे. मग मोगल साम्राज्याच्या पतनाचा चार खंडांतला इतिहास: पहिला खंड १९३२ चा, चौथा १९५० चा. साधनांसाठी ते मराठी शिकले होते. पत्रांतून जुळलेली सरदेसायांशी मैत्री अर्धशतक टिकली. जदुनाथ कामशेतला येऊन राहत. दोन वृद्धांच्या या मैत्रीतून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची इंग्रजी खंडमालाही उभी राहिली.

१६/
सरदेसायांची निवृत्ती सुखाचीच होती, असे मात्र नव्हे. शांतिनिकेतनात शिकलेला त्यांचा मुलगा श्यामकांत तरुण वयात गेला. त्याची पत्रे पित्याने पुढे पुस्तकरूपाने छापली. दुःख बाजूला सारून काम झाले की कामाच्या आधाराने दुःख सोसले गेले, हे बाहेरच्याने ठरवू नये. नोंद एवढीच, की लेखन थांबले नाही. १९४६ ते १९४८ या काळात मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत आला, तेव्हा लेखकाचे वय ऐंशीच्या पुढे होते. १९५६ मध्ये ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र आले. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळाले.

१७/
आता दुसरी बाजू. ज्यांना पेन्शन नव्हती, त्यांचे काय? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे सरदेसायांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यांनी काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला. स्थिर नोकरी नाही, म्हणून निवृत्तीही नाही. गावोगाव भटकून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद मिळवीत, ओढगस्तीत त्यांनी आयुष्य काढले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते वारले. त्या वयात सरदेसायांचे पेशवे दप्तराचे खंड निघायला अजून अवकाश होता.

१८/
ही तुलना बुद्धीची किंवा निष्ठेची नाही, वेळेची आहे. आणि तो वेळ फार थोड्यांना लाभत होता. १९२० च्या दशकात भारतातले जन्मवेळचे सरासरी आयुर्मान तीस वर्षांच्याही आत होते. बालमृत्यूंमुळे तो आकडा खाली ओढला जाई हे खरे, पण पंचावन्न ओलांडून पुढे तीस वर्षे जगणे हे तेव्हा भाग्यच. शेतकरी, विणकर, गिरणीकामगार यांच्यासाठी पेन्शन नव्हती. त्यांचे काम शरीर थांबले की थांबे. त्यांच्यातले किती जिज्ञासू वृद्धापकाळी वाचू-लिहू शकले असते, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

१९/
विधवांचे दुःख याहून वेगळे. पेन्शन बहुधा पेन्शनराबरोबर संपे. ज्या घराच्या आधारावर तीस वर्षे ग्रंथ लिहिले गेले, त्या घरातल्या स्त्रीच्या हाती पतीच्या मृत्यूनंतर दरमहा काही येईलच, अशी खात्री नसे. केंद्र सरकारच्या सामान्य कर्मचाऱ्यांसाठी व्यापक कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली ती १९६४ मध्ये. ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणताना या स्त्रिया कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या.

२०/
मेहेरबानीचा हक्क होण्यासही स्वातंत्र्यानंतर पुष्कळ काळ जावा लागला. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची देणगी नव्हे, असे सांगितले. १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्याच्या निकालाने ते तत्त्व अधिक दृढ केले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींचे ते घटनापीठ होते. ठरावीक तारखेच्या आधी आणि नंतर निवृत्त झालेल्यांत सरकारला मनमानी भेद करता येणार नाही, असे त्याने ठरविले. १७ डिसेंबर हा दिवस म्हणूनच पेन्शनर दिन मानला जातो.

२१/
१ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी (सैन्यदले वगळता) अंशदानाची पद्धत आली आणि जुन्या पेन्शनीचा वाद पेटला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक त्यासाठी संपावर गेले होते. या वादात आकडे पुष्कळ असतात: टक्केवारी, तिजोरीवरचा भार, महागाई भत्ता. ते आवश्यकच आहेत. पण मुळात पेन्शन म्हणजे काय विकत घेता येते, हा प्रश्न इतिहासाच्या बाजूनेही विचारता येतो.

२२/
उत्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. मराठेशाहीवर लिहू पाहणारा विद्यार्थी आजही पेशवे दप्तराच्या त्या ४५ खंडांपासून सुरुवात करतो. ते ज्याने सिद्ध केले, त्याने बडोद्याची नोकरी छत्तीस वर्षे केली आणि निवृत्ती चौतीस वर्षे भोगली. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षात, सरदेसाई कामशेतलाच वारले. नोकरीने त्यांना पोट दिले. पेन्शनीने दिलेला वेळ त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाला दिला.