रंग, थेंब आणि माप

हळदीच्या डागावर साबण लागला कीं तो तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळलें कीं पुनः पिवळा पडतो, हें लाखांदूरसारख्या धानाच्या मुलखांतील गृहिणीस रसायनशास्त्रज्ञानें सांगावें लागत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील अकराव्या अध्यायांत, राखेपासून काढावयाच्या क्षाराचे मृदु, मध्यम व तीक्ष्ण असे भेद सांगून, आम्लाच्या योगानें त्याची तीव्रता कां शमते याचीहि मीमांसा केली आहे. आम्ल व क्षार परस्परांस मारितात, हें ज्ञान आपल्याकडे असें प्राचीन आहे. परंतु किती क्षारास किती आम्ल पुरतें, हा प्रश्न निराळा; आणि अनुमापनाचा इतिहास तेथूनच सुरू होतो.

हा प्रश्न बाजारानें विचारला. अठराव्या शतकांत युरोपांत कापड पांढरें करण्याच्या धंद्यास राखेचा क्षार लागे आणि त्याचा कस माल बदलला कीं बदले. १७५६ सालीं स्कॉटलंडांतील फ्रान्सिस होम यानें फसफस थांबेपर्यंत नत्राम्लाचे किती चमचे लागतात तें मोजलें. १७६७ त विल्यम लुईस यानें फसफशीऐवजीं कागदाच्या रंगावर भरंवसा ठेविला. पुढें चमचा जाऊन अंशांकित नळी आली, आणि १८५५ त फ्रीडरिख मोर यानें या सर्व रीतींचा ग्रंथच लिहिला.

या मापानें अनोळखी आम्लहि ओळखतां येतें. समजा, ०·१२६ ग्रॅम पांढऱ्या स्फटिकांस दशांश नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे २० घनसेंटिमीटर लागले; तर त्या आम्लाचा सममूल्यभार ६३ ठरतो. हें ऑक्झॅलिक आम्ल होय, असें म्हणण्याचा मोह होईल. परंतु लिंबांतील निर्जल सायट्रिक आम्लाचा सममूल्यभार ६४ आहे! एक विष, दुसरें सरबतांतलें. आणि मधलें अंतर कांहीं थेंबांच्या चुकीएवढें. येथें सोरेन्सेन याची १९०९ मधील पीएच-मोजणी उपयोगी पडते. सोडा पडत असतां पीएच कसा चढत जातो हें पाहिलें म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाची पहिली पायरी सायट्रिकाहून कितीतरी प्रबळ असल्याचें दिसून येतें, आणि संशय फिटतो.

रंगानें जात कळते, मापानें मात्रा कळते. पण ओळख पटावयास दोन निरनिराळ्या साक्षी लागतात. सुश्रुताचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्या अभिमानानें होमच्या चमच्याचें काम होत नाहीं.