शर्यत नेमकी कोणाची?

फलनाचा धडा शिकवताना आपण बहुतेक जण एकच चित्र उभे करतो : असंख्य शुक्रपेशी धावत सुटतात आणि सर्वांत आधी पोचेल ती जिंकते. मुलांना ते चटकन पटते. पण या शर्यतीतले स्पर्धक नेमके कोण, हे उमगायला विज्ञानाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

लेव्हेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून शुक्रपेशी पाहिल्या. पुढे १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांना उंदरांमध्ये आणि अमेरिकेत चँग यांना सशांमध्ये, स्वतंत्रपणे, एकच गोष्ट आढळली. मादीच्या शरीरात काही तास राहिल्याशिवाय शुक्रपेशीला अंडपेशीत शिरताच येत नाही. म्हणजे नुसते आधी पोचून भागत नाही!

इंग्लंडमध्ये जेफ पार्कर शेणावरच्या पिवळ्या माश्यांचा अभ्यास करीत होते. मादीचा एकाहून अधिक नरांशी समागम झाला, तर त्या नरांच्या शुक्रपेशींत अंड्यांसाठी चुरस लागते, हे त्यांनी १९७० मध्ये मांडले. नरांची स्पर्धा समागमाने संपत नाही. ती मादीच्या शरीरात चालू राहते.

रानातल्या उंदरांतही असे घडते का? उत्तर अमेरिकेतील 'डियर माउस' या उंदराच्या गाभण माद्या तपासल्यावर १९७३ मध्ये उत्तर मिळाले. गर्भांतील प्रथिनांवरून दिसले, की काही माद्यांच्या एकाच वेतातील पिल्लांचे बाप निरनिराळे होते.

खरे आश्चर्य त्यानंतरचे. युरोपातील 'वुड माउस'च्या शुक्रपेशींच्या डोक्याला आकडा असतो. त्याने एकमेकींत अडकून त्यांची 'आगगाडी' बनते आणि ती सुट्या शुक्रपेशीपेक्षा वेगाने जाते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. गाडी सुटी होताना मात्र त्यांतील बहुतेकींची फलनाची क्षमता वेळेआधीच खर्च होते. एका बापाच्या शुक्रपेशींपैकी कोणतीही अंडपेशीपर्यंत पोचली, तरी लाभ त्याच बापाचा. म्हणून असा त्याग टिकून राहतो.

फिशर आणि होकस्ट्रा यांनी २०१० मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला. दोन डियर माउस नरांच्या शुक्रपेशी वेगवेगळ्या रंगांत रंगवून त्यांनी एकत्र केल्या. शुक्रपेशी आपल्याच नराच्या शुक्रपेशींशी अधिक जुळल्या, अगदी दुसरा नर सख्खा भाऊ असला तरी!

आम्हांला वाटते, शर्यतीची उपमा टाकून द्यायला नको. मात्र ती धावपटूंची नव्हे, संघांची आहे, हे सांगायला हवे. याच उंदराचा एक जवळचा नातलग, 'ओल्डफील्ड माउस', एकाच जोडीदाराबरोबर राहतो. त्याच्या शुक्रपेशी आपला-परका भेद करतील का, हे वर्गाला आधी विचारून पाहावे. मुलांनी कारणासह उत्तर दिल्यावरच सांगावे : त्या असा भेद करीत नाहीत.