सागू आणि साबुदाणा

लखनौच्या उर्दूत ज्याला 'सागूदाना' म्हणतात, तो प्रथमतः आजाऱ्याचा आहार होय. ताप उतरलेल्या माणसाला दुधात शिजवून द्यावयाचा, पचावयास हलका. मराठीत 'साबुदाणा' म्हटले की मनात येते ती एकादशी आणि दाण्याचे कूट घातलेली खिचडी. आजाऱ्याला साबुदाण्याची लापशी आपल्याकडेही देतात. परंतु शब्दाच्या अर्थात तिला दुय्यम स्थान आहे. उर्दू कथेतील 'सागूदाना' मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाची पंचाईत होते ती येथे. 'साबुदाणा' लिहावे, तर रुग्णाच्या खोलीत उपवास शिरतो.

दोन्ही शब्दांचे मूळ मलायी 'सागू' हे आहे. मोलुकास बेटे व न्यू गिनी येथील दलदलीत वाढणाऱ्या एका ताडवर्गीय वृक्षाच्या खोडातील पिठूळ गर, हा त्याचा मूळ अर्थ. सुमात्रातील फान्सूर येथील पिठाच्या झाडांचे वर्णन मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस केले आहे. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का जिंकले, आणि पुढे हा शब्द युरोपीय भाषांत रुळला. भारतात त्याची रूपे निरनिराळी झाली. तेलुगूतील 'सग्गुबिय्यम्' मधे मूळचा 'ग' टिकला. मराठी, गुजराती व कन्नड यांत त्याचा 'ब' झाला. बंगालीत 'सागू' आणि 'साबू' दोन्ही चालतात. तमिळ 'जव्वरिसी' ची फोड 'जावाचा तांदूळ' अशी केली जाते. म्हणजे तिने वस्तूचे नाव सोडून गावाचे नाव घेतले! यांपैकी कोणी त्यास दाणा म्हटले, कोणी तांदूळ. वस्तुतः तो दोहोंपैकी काहीच नव्हे. गंमत अशी की, नावाने धान्य ठरलेला हा पदार्थ धान्य नाही म्हणूनच उपवासाला चालतो.

परंतु खरा अर्थपालट याहून अलीकडचा आहे. १९४२ साली जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज व्यापल्यावर आयात खुंटली, आणि सेलमच्या परिसरात कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तेव्हा आज मराठी घरात जो साबुदाणा भिजतो, त्याचा सागूवृक्षाशी नावापलीकडे संबंध उरलेला नाही. वस्तू बदलली, शब्द जागचा हलला नाही, आणि व्रतालाही बाध आला नाही. अर्थात त्याच ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची हीदेखील अमेरिकेचीच लेकरे आहेत. त्यांना तरी कोणी हटकले?

तेव्हा कोशकाराने 'साबुदाणा' या शब्दापुढे केवळ 'सागूवृक्षाचा गर' असे लिहून थांबणे हे शब्दाचा जन्म सांगून त्याचे चरित्र वगळण्यासारखे आहे. त्याचा आजचा अर्थ वनस्पतीवरून ठरत नाही, उपयोगावरून ठरतो. लखनौच्या कथेत मी 'सागूदाणा' हे रूप पत्करीन; ते कानाला किंचित परके लागते, आणि तेथे ते तसे लागावयासच हवे. मोलुकास वा पापुआतील कथेत मात्र 'दाणा' ही नको. तेथे सागूच्या पिठाची खळीसारखी घट्ट 'पापेडा' करून मासळीच्या रश्शाबरोबर खातात. ते उपवासाचे खाणे नव्हे आणि आजाऱ्याचेही नव्हे. आपल्याकडे भाताचे जे स्थान, तेच तेथे त्याचे आहे.